पैनगंगेचे दोन कांठ

मतदानाचा अधिकार आज आपणांस इतका अंगवळणी पडला आहे कीं, तो कोणास केव्हां मिळाला याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. पैनगंगेच्या उत्तरेस वऱ्हाड, दक्षिणेस हिंगोली. भाषा एक, सोयरसंबंध एक. परंतु कायदेमंडळाच्या मतपेटीशीं दोन्ही कांठांची गांठ पडण्यांत ३२ वर्षांचें अंतर पडलें. असें कां व्हावें?

हिंगोलीस हैदराबाद कन्टिन्जंट या फौजेची छावणी होती. हुकमत इंग्रजांची, खर्च निजामाचा. खर्चाची बाकी तुंबली, तेव्हां १८५३ च्या तहानें तिच्या फेडीसाठीं वऱ्हाडचा वसूल इंग्रजांनीं आपल्याकडे लावून घेतला. १९०२ सालीं लॉर्ड कर्झननें तो प्रांत वार्षिक २५ लक्ष रुपयांवर कायमच्या पट्ट्यानें घेतला.

पुढें माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांप्रमाणें १९२० सालीं नागपूरच्या कायदेकौन्सिलाची निवडणूक झाली, तींत वऱ्हाडानेंही मतें दिलीं. परंतु वऱ्हाड कायद्यानें निजामाचाच मुलूख! म्हणून तेथें निवडून आलेल्या गृहस्थास गव्हर्नर 'नियुक्त' करी आणि मग तो निवडलेला सभासद समजला जाई. मतदारही सर्व नव्हते; सारा अगर कर भरणारे थोडेच. तरीही १९२३, १९२६, १९३० आणि १९३७ अशा निवडणुकांनीं लोकांस राज्यकर्त्यांना जाब विचारण्याची संवय लागली.

दक्षिण कांठीं काय होतें? हैदराबादेंत कौन्सिल १८९३ पासून होतें. सामान्य रयतेस मात्र तेथें मत नव्हतें. अय्यंगार समितीच्या शिफारशींवरून १९३९ सालीं जी योजना जाहीर झाली, तींत ८५ पैकीं ४२ सभासद निवडावयाचे होते, तेहि गांव-तालुक्यावरून नव्हे, धंद्यावरून. शिवाय दिवाण व मंत्री निजामासच जबाबदार.

१७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामाची सत्ता संपली. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचें मतदान देशांत एकाच दिवशीं झालें नाहीं. ऑक्टोबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२ या काळांत तें टप्प्याटप्प्यानें उरकलें. हैदराबाद विधानसभेच्या १७५ जागांसाठीं १९५२ सालीं मतदान झालें, तेव्हां परभणी जिल्ह्यांतील हिंगोली तालुक्याचा शेतकरी, त्याची कारभारीण आणि भूमिहीन मजूर एकाच रांगेंत उभे राहिले. हिंगोली स्वतंत्र जिल्हा झाला तो १९९९ सालीं.

ज्या फौजेपायीं वऱ्हाड निजामाच्या हातून गेलें, तिची एक छावणी हिंगोलीस. आणि मताचा हक्क आधीं मिळाला तो वऱ्हाडास! तहनाम्यांच्या रेघांवर अवलंबून असलेला हा अधिकार आतां केवळ नागरिकत्वावर उभा आहे. त्याचें मोल उशीरा मिळालेल्यांसच अधिक कळावें, हें स्वाभाविकच नव्हे काय?