हृदयाच्या शस्त्रक्रियेपूर्वीं मानेची परीक्षा

घरांतील वडील माणसाची 'बायपास' शस्त्रक्रिया ठरली, कीं सर्वांचें लक्ष त्या एका हृदयाकडे लागतें. रक्त कोण देणार, रात्रीं जवळ कोण बसणार, मुलीला सासरहून केव्हां आणावयाचें, याची चर्चा ओटीपासून माजघरापर्यंत चालते. अशा वेळीं डॉक्टरांनीं मानेची तपासणी सांगितली, म्हणजे मंडळी गोंधळतात. दुखणें छातींत, मग परीक्षा मानेची कां? प्रश्न रास्त आहे व त्याचें उत्तर प्रत्येक घरानें समजून घेण्याजोगें आहे.

श्वासनलिकेच्या कडेला बोट ठेवलें असतां जी नाडी उडते, ती कॅरोटिड धमनीची. मेंदूच्या पुढील मोठ्या भागास रक्त पोंचविणाऱ्या या दोन धमन्या होत. आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांतहि कंठाच्या दोन्ही बाजूंस नीला व मन्या हीं मर्में सांगितलीं असून, तेथें इजा झाल्यास वाचा जाते किंवा स्वर बिघडतो, असें म्हटलें आहे.

हृदयाच्या धमन्यांत मेदाचा जो थर सांचतो, तो तेवढ्यावरच थांबतो असें नाहीं. तंबाखू, मधुमेह, वाढलेला रक्तदाब व वार्धक्य यांचा अंमल सर्व शरीरावर चालतो. शस्त्रक्रियेच्या वेळीं रक्तदाब खालीं आला आणि मानेंतील वाट आधींच अरुंद असली, तर मेंदूस रक्त कमी पडण्याचें भय असतें. शस्त्रक्रियेनंतर पक्षघात होणारे रोगी शंभरांत साधारण एकदोनच. परंतु ज्या घरावर हा प्रसंग येतो, त्याला शंभराचा हिशेब काय कामाचा?

मग सर्वांचीच परीक्षा करावी काय? तसें नाहीं. अमेरिकेंतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनीं २०११ सालीं दिलेल्या मार्गदर्शनाप्रमाणें, वय ६५ हून अधिक असणें, हृदयाच्या डाव्या मुख्य धमनींतच अडथळा असणें, पायांच्या धमन्या अरुंद असणें, धूम्रपान, पूर्वीं झालेला पक्षघात, किंवा मानेवर नळी लावली असतां ऐकूं येणारा घरघर आवाज, यांपैकीं कांहीं असल्यास ती करणें योग्य होय. ही परीक्षा ध्वनिलहरींची आहे. तींत सुई नाहीं, वेदना नाहीं.

धमनी अरुंद निघाली, म्हणजे लगेच मान उघडावी असेंहि नव्हे. शस्त्रक्रियेनंतरचे पुष्कळ पक्षघात महाधमनींतून सुटलेल्या कणांमुळें किंवा हृदयाच्या अनियमित ठोक्यांमुळें होतात. त्यांना मान साफ करून आळा बसत नाहीं. लक्षणें नसलेल्या रोग्यांत दोन्ही शस्त्रक्रिया एकदम केल्यानें लाभ होतो असें २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांतहि दिसलें नाहीं. मात्र ज्यांना लक्षणें होऊन गेलीं आहेत, त्यांची गोष्ट निराळी. १९९१ सालच्या उत्तर अमेरिकेंतील प्रयोगांत, धमनी ७० टक्क्यांहून अधिक अरुंद असलेल्या अशा रोग्यांत, दोन वर्षांत त्या बाजूचा पक्षघात केवळ औषधांवर शंभरांत २६ जणांस झाला, तर धमनी साफ केलेल्यांत ९ जणांस.

म्हणजे निर्णयाची किल्ली यंत्रापेक्षांहि लक्षणांच्या हकीकतींत आहे. आणि ती हकीकत पुष्कळदां रोग्यापाशीं नसून घरांतील माणसांपाशीं असते. पूजेला बसलेल्या आजोबांच्या एका डोळ्यापुढें क्षणभर काळा पडदा उतरतो. हातांतील पळी गळते. दहा मिनिटें शब्द अडखळतात. पुन्हां सर्व ठीक होतें आणि "पित्त झालें असेल" म्हणून ते विषय संपवितात. डॉक्टरांपुढें ते हें सांगत नाहींत, कारण त्यांच्या मतें तें सांगण्याजोगें नव्हेच. परंतु पळी पडतांना आजींनीं पाहिलेली असते.

तेव्हां शस्त्रक्रियेपूर्वींच्या भेटीस केवळ कर्त्या मुलानें जाऊं नये. आजींनाहि बरोबर न्यावें, आणि त्यांना बोलूं द्यावें. असें कांहीं नव्यानें घडलें, तर भेटीच्या दिवसाची वाटहि पाहूं नये. त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. वडिलांच्या लहानसहान दुखण्यांची चारचौघांत वाच्यता न करणें ही आपल्या घरांची रीत खरी. पण वैद्यापुढें ती पाळूं नये.