आधी बादल्या मोजा, मग वाफे आखा



शिमगा जवळ आलाय. पहाटे अजून गोधडी लागते आणि दुपारी ऊन चटका देतं. उन्हाळी परसबाग लावायची हीच वेळ. आता बी पडलं तर एप्रिलपर्यंत मुळं खोल जातात आणि वेलांच्या पाल्याखाली माती झाकली जाते. उशिरा लावलेलं कोवळं रोप कडक उन्हात तग धरत नाही.

बैठकीत नेहमी ऐकू येतं, "हिवाळ्यात बाग छान येते, उन्हाळ्यात वाळून जाते." बहुतेक ठिकाणी कारण एकच असतं: पाणी थोडं आणि वाफे जास्त. म्हणून यंदा आधी पाणी मोजू.

३ फूट बाय ६ फूट वाफ्याला कडक उन्हात रोज साधारण १५ लिटरची एक बादली लागते. आंघोळीचं, भांड्यांचं, भाजी-धान्य धुतलेलं पाणी रोज किती बादल्या निघतं, ते तीन दिवस मोजा. तीन निघाल्या तर तीनच वाफे करा. बागेसाठी हापशावरून वेगळा हंडा आणायचा नाही. बागेमुळे बाईच्या डोक्यावरचं ओझं वाढलं, तर ती बाग टिकत नाही.

भाजी-धान्य धुतलेलं पाणी पालेभाजीला द्या. मोरीचं पाणी खडी-वाळूच्या खड्ड्यातून काढून वेलांच्या बुडाशी सोडा. कपड्यांचं साबणाचं पाणी वाफ्यात नको.

काय लावायचं? मेथी, पालक, कोथिंबीर उन्हात लवकर फुलावर येतात, म्हणून त्या कमी करा. त्याऐवजी तांदुळजा, राजगिरा, गवार, चवळी, भेंडी घ्या. वेलांमध्ये दोडका, कारलं, दुधी भोपळा. भेंडीचं बी रात्रभर भिजवून टोका. तांदुळजा महिन्याभरात खुडायला येतो, भेंडीला दीड-दोन महिने लागतात.

मांडवाला विकतचं काही नको. पऱ्हाट्या, तुराट्या शेतात आहेतच. कडुलिंबाची पानगळ सुरू आहे, तो पाला किंवा सोयाबीनचं कुटार वाफ्यावर दोन-तीन बोटं जाड पसरा. ओल टिकते. पाणी सकाळी लवकर किंवा दिवस मावळताना द्या. आभाळ भरून आलं तर रोपांवर टोपली पालथी घाला, या दिवसांत गारांचा नेम नसतो. मावा पडला तर मागच्या वर्षीच्या निंबोळ्यांची ५० ग्रॅम भुकटी १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा आणि फवारा.

एवढी खटपट कशासाठी? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. म्हणजे आपल्या दहा जणींच्या गटात पाच-सहा जणी. उन्हाळ्यात भाजी महागली की ती आधी बाईच्याच ताटातून कमी होते. तांदुळजा, राजगिऱ्यात लोह असतं. भाजीवर लिंबू पिळा, म्हणजे ते अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा नको. दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या मिळाल्या असतील तर त्याही चालूच ठेवा.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या बादल्यांचा आकडा घेऊन यायचं. सचिव ताईंनी तो वहीत लिहावा. ज्यांच्याकडे घरचं बी आहे त्यांनी मूठभर पुरचुंडीत आणा, तिथेच वाटून घेऊ. आणि पहिल्या तोडणीची भाजी शिजली की आधी स्वतःच्या ताटात वाढून घ्या!