करवत पाहावी घेऊन

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे वडीलधारी माणसे सांगत. त्यात तिसरी भर घालायला हरकत नाही: करवत पाहावी घेऊन! करवत म्हणजे टेबलातून गोल पाते वर काढलेली, विजेवर फिरणारी ‘टेबल सॉ’. मराठीच्या प्राध्यापकाला हा नाद कशाला, असे घरातून विचारले गेलेच. पण पुस्तके वाढत होती, कपाटे वाढत नव्हती. आणि नाशिकच्या पाडलेल्या वाड्यांचे जुने सागवान वखारीत पाहिल्यापासून मला चैन नव्हते. अंदाजपत्रक रुपये २५,००० फक्त!

दुकानदार प्रथम हॉर्सपॉवर ऐकवतो. ऐकावी, पण भुलू नये. टेबलावर ठेवायची १० इंची पात्याची यंत्रे बहुधा १,५०० ते १,८०० वॅटची असतात. घरकामाला तेवढे पुरते. मात्र २३० व्होल्टवर १,८०० वॅट म्हणजे जवळजवळ ८ अँपिअर. दिव्या-पंख्याचा ६ अँपिअरचा प्लग येथे चालणार नाही. अर्थिंग असलेला १६ अँपिअरचा हवा. तो खर्च आधीच धरावा.

खरी परीक्षा पट्टीची. फळी जिला टेकवून पुढे सरकवायची, ती पट्टी पात्याला समांतर हवी. प्लग काढून पट्टी घट्ट करावी, पात्याच्या एका दातावर खूण करावी आणि तोच दात पुढे व मागे फिरवून दोन्हीकडे अंतर मोजावे. मागे अंतर कमी भरले, तर लाकूड अडकते आणि मागून वर येणारे दात ते आपल्याच अंगावर भिरकावतात. मिनिटाला ४,५०० फेरे घेणाऱ्या १० इंची पात्याच्या दातांचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर जातो! म्हणूनच पात्यामागे पोलादी जीभ असते. ती लाकडातली चीर मिटू देत नाही.

पंचवटीतल्या एका वृद्ध सुतारमामांना मी सल्ला विचारला. त्यांनी नुसता उजवा हात पुढे केला. तर्जनी अर्धीच होती. लोखंडी घोड्याला मोटर जोडून केलेले त्यांचे यंत्र. त्याला ना जीभ, ना झाकण. “मास्तर, स्वस्तात पडलं होतं,” एवढेच ते म्हणाले. अमेरिकेत स्टीफन गॅस यांनी १९९९ साली, बोट लागताच पाते क्षणार्धात थांबवणारी युक्ती शोधली. पण ती यंत्रे आपल्या खिशाबाहेरची.

तेव्हा पैसे खर्चावेत ते या क्रमाने: जीभ आणि झाकण, मग सरळ पट्टी, मग चांगले पाते; मोटर सर्वांत शेवटी. फळी लांबीत चिरायला २४ दातांचे पाते, प्लायवुडला ६० दातांचे. आठ बाय चारचा अख्खा तक्ता लहान टेबलावर चढवू नये; दुकानातूनच कापून आणावा. वाड्याच्या लाकडातले खिळे आधी शोधून काढावेत. आणि जीभ-झाकणाचे यंत्र अंदाजपत्रकात बसत नसेल, तर वखारीतून फळ्या चिरून आणाव्यात व घरी हातकरवत चालवावी. त्यात कमीपणा नाही.

खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो. त्या दिवशी हात जोडताना दहाही बोटे जागेवर असावीत, एवढे पाहूनच करवत घ्यावी.