निकालाचा आंकडा कोणासाठीं?

महाराष्ट्रांतील शासकीय व अनुदानित शाळांत २०२३-२४ या वर्षीं एक नवी वहिवाट सुरू झाली. आरंभीं पायाभूत चाचणी व पुढें दोन संकलित चाचण्या, अशा तीन वेळां भाषा, गणित व इंग्रजी या विषयांच्या एकाच नमुन्याच्या प्रश्नपत्रिका राज्यभर पाठवावयाच्या. शिक्षकानें त्या मुलांकडून सोडवून घ्यावयाच्या, त्यानेंच तपासावयाच्या, आणि गुण संगणकावर भरून वर कळवावयाचे. हेतु निर्दोष आहे. मुलाला काय येत नाहीं हें कळल्यावांचून त्याला काय शिकवावें हें ठरणार कसें? प्राथमिक शाळेंत परीक्षा नकोच असें म्हणणारा एक सुशिक्षित वर्ग आहे. परंतु त्या वर्गाचीं मुलें आईबापांच्या मांडीवर बसूनच वाचावयास शिकतात. ज्याच्या घरांत दुसरें कोणी अक्षर ओळखीत नाहीं, त्या मुलाचें घोडें कोठें अडलें हें पाहाणारें शाळेवांचून कोण आहे? तेव्हां चाचणीला आमचा विरोध नाहीं. आमचा प्रश्न इतकाच कीं, तो आंकडा वर पोंचल्यावर त्याचें करावयाचें काय, आणि तो कमी भरला तर जाब कोणाला विचारावयाचा?

हा प्रश्न फार जुना आहे. इंग्लंडांत १८६२ सालीं शिक्षणखात्याचा कारभार पाहाणाऱ्या रॉबर्ट लो यांनीं एक सुधारलेली नियमावली अंमलांत आणिली. शाळेला सरकारी अनुदान मिळावयाचें तें मुलांच्या निकालावर. सहा वर्षांवरील मुलामागें हजेरीबद्दल चार शिलिंग आणि वाचन, लेखन व अंकगणित या परीक्षेबद्दल आठ शिलिंग. पैकीं ज्या विषयांत मूल नापास होईल त्या प्रत्येकासाठीं दोन शिलिंग आठ पेन्स कापून घ्यावयाचे. हिशेब कसा चोख! वाणी माल तोलून पैसे मोजतो, त्याचप्रमाणें सरकारनें विद्या तोलून घ्यावी. खजिन्याच्या दृष्टीनें योजना फळासही आली. आठ लक्ष पौंडांहून अधिक असलेलें अनुदान कांहीं वर्षांतच साडेसहा लक्षांच्या खालीं आलें.

शाळेंत मात्र काय घडलें तें मॅथ्यू अर्नोल्ड यांच्या अहवालांत वाचावें. हे प्रसिद्ध कवि व टीकाकार पोटासाठीं ३५ वर्षें शाळातपासनीस होते. नियमावलीला त्यांनीं आरंभापासूनच विरोध केला, आणि पुढें आपल्या अहवालांत सरकारला स्पष्ट कळविलें कीं, खऱ्या अर्थानें वाचतां, लिहितां वा हिशेब करतां येत नसलेल्या मुलालाही युक्तीनें तयार करून या परीक्षेंतून पार करतां येतें. युक्ति अगदीं साधी होती. वाचनाचें पुस्तक ठरलेलें. तेंच वर्षभर घोकून घ्यावयाचें. तपासनीस आला कीं मूल पुस्तक हातीं धरून धडधडा म्हणे, आणि शाळेच्या पदरांत पैसे पडत. ज्यांतून पैसा येत नाहीं असे इतिहास-भूगोल मागें पडले. शिक्षक लबाड होते असें कोणीं समजूं नये. ज्याची भाकरी मुलाच्या एका उच्चारावर टांगलेली आहे, तो त्या उच्चारापलीकडे पाहाणार तरी कसा? ही पद्धति पुरती मोडीत निघावयास एकोणिसावें शतक सरत आलें.

त्या पद्धतीचें वारें आपल्याकडेही आलें होतें. मुंबई इलाख्यांत निकालावर अनुदान देण्याची चाल पडली, आणि १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें शिक्षणाचा सगळाच प्रश्न चर्चेला आला. त्या कमिशनला जोतीराव फुले यांनीं दिलेल्या निवेदनांत, खेड्यांतील ज्या पंतोजीचीं पुष्कळ मुलें पास होतील त्याला पगाराखेरीज कांहीं खास भत्ता द्यावा अशी सूचना आहे. लो यांच्या अनुयायांना यांत आपलाच विचार दिसेल. परंतु बारकाईनें पाहावें. जोतीरावांची पहिली मागणी अशी कीं, पंतोजीचा पगार १२ रुपयांहून कमी नसावा. आधीं पोटाची निश्चिति, मग वरची शाबासकी. लो यांनीं मूळ भाकरींतूनच तुकडा तोडला. या दोहोंत जमीनअस्मानाचें अंतर आहे, आणि ज्यांनीं स्वतः शाळा चालविल्या होत्या त्यांना तें दिसलें यांत नवल नाहीं.

इतका अनुभव गांठीं असतां अमेरिकेनें २००२ सालीं नवा कायदा करून शाळांचें भवितव्य पुनः चाचणीच्या गुणांशीं बांधलें. अटलांटा शहरांत गरिबांच्या शाळांचे निकाल झपाट्यानें सुधारले. तेथील शिक्षणाधिकारी बाईंना २००९ सालीं राष्ट्रीय बहुमान मिळाला. पुढें उत्तरपत्रिकांवरील खोडाखोड यंत्रानें मोजली, तेव्हां चुकीचें उत्तर पुसून बरोबर केल्याच्या खुणा अशक्य वाटाव्या इतक्या आढळल्या. २०११ च्या सरकारी चौकशींत ४४ शाळा व १७८ शिक्षक-मुख्याध्यापक गुंतलेले निघाले, आणि २०१५ सालीं ११ जण न्यायालयांत दोषी ठरले. एका प्राथमिक शाळेचे शिक्षक तर सुट्टीच्या दिवशीं एका घरीं जमून उत्तरें दुरुस्त करीत बसले होते. त्या शिक्षकांना शिक्षा झाली. पण ज्या मुलाला कागदोपत्रीं वाचतां येऊं लागलें, त्याला शिकवणीची जादा मदत हवी आहे हें मग कोणाच्या ध्यानीं यावें? खरी शिक्षा त्याला झाली, आणि तीही अपराधावांचून.

खरी स्थिति कळण्याला दुसरा मार्ग नाहीं काय? आहे, आणि तो आपल्याच देशांत आहे. ‘प्रथम’ ही संस्था २००५ पासून ‘असर’ नांवाची पाहाणी करवीत आली आहे. स्वयंसेवक खेड्यांत घरोघर जातात, मुलापुढें अक्षरें, शब्द, परिच्छेद व दुसरीच्या पातळीची एक लहान गोष्ट ठेवितात, आणि वाच म्हणतात. त्या उत्तरावर कोणाचा पगार नाहीं कीं बदली नाहीं. म्हणूनच त्या आंकड्याला लाज नसते. खेड्यांतील सरकारी शाळांत तिसरीला असलेल्या मुलांपैकीं दुसरीची गोष्ट वाचतां येणारीं देशभरांत २०२२ सालीं शेंकडा १६.३ होतीं, २०२४ सालीं २३.४ झालीं. सुधारणा आहे, आणि तिच्यावर विश्वास ठेवावा असें वाटतें. कारण ती दाखविण्यांत मोजणाऱ्याचा स्वार्थ नाहीं. तरीही चारांतील तीन मुलें त्या गोष्टीपाशीं अडतातच.

आमच्या शिक्षणखात्यानें दोन कामें एकाच कागदावर करूं नयेत. वर्गांतली चाचणी शिक्षकाची. तिचा निकाल त्याच्या वहींत राहावा, आणि गंगूला हातच्याची वजाबाकी येत नाहीं एवढें तिनें त्याला सांगावें. राज्याची स्थिति पाहावयाची असेल तर निवडक शाळांत त्रयस्थानें जाऊन पाहावी. तींत शाळेचें नांव छापूं नये आणि कोणाची वेतनवाढही अडवूं नये. आज मात्र तीच प्रश्नपत्रिका, तोच तपासणारा आणि तोच आंकडा जिल्ह्यांच्या तुलनेला जाणार! ज्या शिक्षकानें आपल्या वर्गांत निम्म्या मुलांना वाचतां येत नाहीं असें खरें खरें भरून पाठविलें, त्याच्याकडे वरून प्रथम काय जातें, खुलाशाची नोटीस कीं मदतीचा माणूस, तेवढें खात्यानें आधीं ठरवून जाहीर करावें. पुढची चाचणी त्यानंतर घ्यावी.