इंजिन नसलेलं मोटार वाहन

सोयाबीनची मळणी उरकली की रिसोड, मालेगाव, मंगरूळपीरच्या रस्त्यांवर पोत्यांनी लादलेल्या ट्रॉल्या बाजार समितीकडे निघतात. बघणाऱ्याच्या लेखी ट्रॅक्टर-ट्रॉली म्हणजे एकच गाडी. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिकीत मात्र ट्रॅक्टरचा रकाना वेगळा आणि ट्रेलरचा वेगळा.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २ मधल्या व्याख्या वाचताना चांगलीच गंमत येते. स्वतःवर ओझं वाहण्यासाठी बांधलेला नाही, तो ट्रॅक्टर. इंजिन नसलेला ट्रेलर मात्र मोटार वाहनच, आणि बॉडी न चढलेली नुसती चासीसुद्धा. उलट २५० वॅटपेक्षा कमी ताकदीची, ताशी २५ किलोमीटरच्या आत धावणारी बॅटरीची स्कूटर ठरावीक अटींत बसली तर मोटार वाहन ठरत नाही. तिला नंबर नाही, म्हणून ती मोजणीतही नाही. रुळांवरून धावणारी गाडी तर व्याख्येतूनच बाद.

पुढची विभागणी वापरावरून होते. खासगी बोलेरोला पांढरी पाटी. तीच गाडी प्रवासी भाड्यासाठी नोंदवली की पाटी पिवळी आणि वर्ग परिवहन. चालक सोडून सहापर्यंत प्रवासी असतील तर मोटारकॅब, सातपासून बारापर्यंत मॅक्सीकॅब. खेड्यापाड्यांतल्या काळीपिवळीत प्रत्यक्षात किती जण बसतात, हे व्याख्येला विचारू नये! शेतीचा ट्रॅक्टर परिवहनेतर वर्गात मोडतो. जेसीबीसारखी बांधकामाची यंत्रंही त्याच वर्गात.

आता पासिंग. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेल्या वाशिम जिल्ह्याचा क्रमांक एमएच ३७, अकोल्याचा एमएच ३०. अकोल्यात नोंदलेली जुनी गाडी वाशिमच्या गावात दिसली तर नवल नाही, आणि एमएच ३७ ची गाडी पुण्यातही राबत असू शकते. त्यामुळे केवळ पाटी पाहून गाडी कुठल्या जिल्ह्यात धावते ते ठरवता येत नाही.

सगळ्यात मोठी गफलत होते ती एकूण बेरजेत. वार्षिकीतली एकूण संख्या वर्षानुवर्षं साठत आलेल्या नोंदणीची असते. गाडी मोडीत निघाली तर मालकाने चौदा दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवावं, असं कलम ५५ सांगतं. भंगारवाल्याशी सौदा झाल्यावर आरटीओची पायरी कोण चढतो? गोठ्यामागे गंजलेली मोपेडही कागदावर जिवंतच राहते. खासगी वाहनाच्या नोंदणीची मुदत पंधरा वर्षं. पुढे नूतनीकरण न झालेल्या गाड्या बेरजेतून वगळल्या की नाहीत, यावर आकडा खालीवर होतो.

अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन हाती आलं, तर वाहनांच्या तक्त्यात शेवटच्या बेरजेआधी दोन गोष्टी तपासा: ट्रॉल्या कोणत्या रकान्यात धरल्या आहेत, आणि शीर्षकात 'नोंदणीकृत' लिहिलंय की 'वापरात असलेली'.