वीस युआनच्या नोटेवरची नदी



बँकेत आयुष्यभर नोटा मोजल्या, पण नोटेवरचे चित्र प्रत्यक्ष पाहण्याचा योग आम्हाला निवृत्तीनंतर आला. चीनच्या २० युआनच्या नोटेमागे ली नदी आणि तिच्या काठचे डोंगर आहेत. हे दृश्य दक्षिण चीनमधील गुइलिन शहराच्या खालच्या अंगाला, शिंगपिंग गावाजवळ दिसते.

आमच्या सौ.च्या गुडघ्यांमुळे डोंगर-दऱ्यांच्या सहली आम्ही सोडूनच दिल्या होत्या. इथे मात्र डोंगर चढावे लागत नाहीत, बोटीत बसून पाहता येतात. गुइलिन ते यांगशुओ हे नदीमार्गाचे अंतर ८३ किलोमीटर. बोट शहराबाहेरच्या धक्क्यावरून सुटते आणि चार-साडेचार तासांत पोहोचते.

हे डोंगर असे सुटे-सुटे आणि सरळ उभे का? कोट्यवधी वर्षांपूर्वी येथे समुद्र होता. त्याच्या तळाशी चुनखडीचे जाड थर साचले आणि पुढे ते वर उचलले गेले. पावसाचे पाणी हवेतला व मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होते आणि चुनखडी विरघळवते. भेगा रुंदावत गेल्या, मधला दगड वाहून गेला, उरले ते हे सुळके. तेच पाणी गुहेत थेंबथेंब ठिबकून चुना मागे ठेवते आणि लवणस्तंभ तयार होतात. रीड फ्लूट गुहेत ते पाहायला मिळतात. २०१४ साली गुइलिनचा हा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारशात समाविष्ट झाला.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी:

• हिवाळ्यात नदीचे पाणी उतरते, तेव्हा बोटीचा मार्ग कमी होऊ शकतो. आधी चौकशी करावी.
• गुहेत पायऱ्या आहेत, जमीनही ओलसर असते. गुडघेदुखी असल्यास गुहा वगळावी.
• बहुतेक व्यवहार मोबाइलवर कोड स्कॅन करून होतात. अलीपे निघण्यापूर्वीच कार्डाला जोडून ठेवावे, थोडी रोखही जवळ असावी.
• तिथल्या प्रसिद्ध तांदळाच्या शेवयांचा रस्सा बहुधा मांसाचा असतो. ‘मांस, मासे, हाडांचा रस्सा नको’ असे चिनी भाषेत लिहून न्यावे.

गुडघ्यांमुळे घरी बसलेल्या सभासदांनी या सहलीचा जरूर विचार करावा. एक नोट आम्ही न मोडता जपून ठेवली आहे. पुढच्या मासिक सभेला सर्वांना पाहायला आणू.