आधी किडा ओळखा, मग फवारा

आमच्या शेडनेटात ढोबळी मिरची आहे. गेल्या महिन्यात पाने आकसली. अप्पा म्हणाले, "बोकड्या आलाय, मारा औषध!" पण कशावर मारायचे? पानाच्या कडा वर वळून होडी झाली तर बहुधा फुलकिडे. कडा खाली वळल्या तर कोळी. दोघांची औषधे निराळी. आमची एक फवारणी अशीच फुकट गेली.

फुलकिडा जेमतेम एक मिलिमीटरचा. पांढऱ्या कागदावर फूल झटकावे, म्हणजे तो पळताना दिसतो. भिंगातून पाहिले की पंखांना केसांची झालर दिसते.

त्यातही जाती आहेत. मिरचीवरचा नेहमीचा फुलकिडा पिवळसर, तो कोवळ्या पानांवर असतो. दुसरा काळपट, नाव थ्रिप्स पार्विस्पिनस. हा भारतात २०१५ साली पपईवर सापडला आणि २०२१ साली आंध्र-तेलंगणात त्याने मिरचीची दाणादाण उडवली. तो घोळक्याने फुलातच बसतो, म्हणून नुसती पाने बघून भागत नाही. त्याचा नर मात्र पिवळा असतो, तिथे फसायला होते!

आता आम्ही निळे चिकट सापळे टांगलेत. सकाळी किडे मोजायचे काम माझ्याकडे. काल एकाच फुलात अकरा निघाले, बहुतेक काळपट.

(इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी)